सहा पक्षांची क्विझ: द्यायची कशी, निकाल वाचायचा कसा आणि प्रायमरीत त्याचं करायचं काय

माझी मुलगी शाळेतून आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला, म्हणाली आई ही क्विझ दे, आम्हाला सिव्हिक्सच्या तासाला दिली होती. न्यूयॉर्क टाइम्सची ती प्रसिद्ध क्विझ, अमेरिकेत दोनऐवजी सहा पक्ष असते तर तुम्ही कुठल्या पक्षात असता. मी दिली, मग नवऱ्याने दिली. तिला आलं प्रोग्रेसिव्ह, मला न्यू लिबरल आणि नवऱ्याला अमेरिकन लेबर, म्हणजे एका घरात तीन पक्ष, आणि गेली बारा वर्षं आम्ही दोघं एकाच पक्षाला मत देतोय. त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि मग तिने विचारलं, "पण आई, यातला एकही पक्ष बॅलटवर नाहीच आहे, मग मी याचं करू काय?"

प्रश्न इतका बरोबर होता की मी त्याच्या मागेच लागले. आपल्या ग्रुपांवर निवडणूक जवळ आली की या क्विझचे स्क्रीनशॉट फिरतात, लोक पक्षाचं नाव बघतात, दोन स्मायली टाकतात आणि विषय संपतो. मला मनापासून वाटतं की त्या वीस प्रश्नांमध्ये खरंच कामाचं काहीतरी आहे, फक्त ते नावात नाहीये, नावाच्या मागे जे आकडे आहेत आणि उत्तर देताना तुम्ही जिथे अडखळलात त्यात आहे. ते बाहेर कसं काढायचं आणि खऱ्या मतदानात, विशेषतः प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात ती आधीची निवडणूक), कसं वापरायचं ते खाली पायरीपायरीने लिहिते. मी न्यू जर्सीत राहते त्यामुळे नियम इथले जास्त येतील, बाकी राज्यांचं थोडक्यात.

आधी कुठली क्विझ ते ठरवा

सगळ्या क्विझ सारख्या नसतात आणि इथेच बरेच जण गोंधळतात.

टाइम्सवाली क्विझ सप्टेंबर २०२१ मध्ये आली, बनवणारे ली ड्रटमन, न्यू अमेरिका या संस्थेतले राज्यशास्त्राचे अभ्यासक. त्यांचं बऱ्याच वर्षांपासून म्हणणं आहे की दोनच पक्ष असल्यामुळे अमेरिकेचं राजकारण "आपले विरुद्ध ते" यात अडकलंय आणि जास्त पक्ष आले तर लोकांना जुळवून घ्यावं लागेल. त्यांनी कल्पिलेले सहा पक्ष असे. प्रोग्रेसिव्ह पार्टी, आर्थिक आणि सामाजिक दोन्ही बाबतीत बरीच डावी. अमेरिकन लेबर पार्टी, आर्थिक बाबतीत डावी, कामगारांची, पण सामाजिक विषयांवर मवाळ. न्यू लिबरल पार्टी, शिकलेल्या नोकरदार शहरी लोकांची, सामाजिक बाबतीत मोकळी आणि अर्थकारणात मधल्याच्या जवळ. ग्रोथ अँड ऑपॉर्च्युनिटी पार्टी, जुन्या मवाळ रिपब्लिकनांची, धंदा आणि कमी टॅक्सवाली (आद्याक्षरं बघा, जीओपीच होतात, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं टोपणनाव, ते मुद्दाम केलेलं आहे असं मला वाटतं). पेट्रियट पार्टी, ट्रम्प यांच्या वळणाची, इमिग्रेशनवर कडक पण अर्थकारणात पारंपरिक रिपब्लिकनांइतकी उजवी नाही. आणि ख्रिश्चन कन्झर्व्हेटिव्ह पार्टी, धर्म आणि कुटुंब हे मुख्य विषय.

दुसरी क्विझ प्यू रिसर्च सेंटरची, पोलिटिकल टायपॉलॉजी. तिच्यात पक्ष नाहीत, गट आहेत, नऊ. जुलै २०२१ मध्ये १०,२२१ लोकांना विचारून, कोणाची उत्तरं कोणाशी जुळतात ते बघून गट पाडलेत. टायपॉलॉजीची ही परंपरा १९८७ पासूनची आहे.

तिसरी एशेलॉन इनसाइट्स या सर्व्हे कंपनीची, पाच पक्षवाली. त्यात एका पक्षाचं नाव अ‍ॅसेला आहे, वॉशिंग्टन ते बॉस्टन धावणाऱ्या ट्रेनवरून ठेवलेलं, आणि न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसेलिनच्या आपल्या लोकांना ती ट्रेन मेट्रोपार्क स्टेशनला थांबताना रोज दिसते, म्हणजे नाव कोणत्या वर्गाला (शहरी, शिकलेल्या नोकरदारांना) उद्देशून आहे ते वेगळं सांगायला नको.

आणि एक संपूर्ण वेगळा प्रकार म्हणजे जर्मनीतली वाल-ओ-माट, २००२ पासूनची, सरकारी नागरी-शिक्षण संस्था चालवते. तिच्यात ३८ विधानं असतात आणि महत्त्वाचं म्हणजे खरे पक्ष स्वतः त्या प्रत्येक विधानावर आपलं उत्तर लिहून देतात. तुम्हाला जुळणी दिसते ती पक्षाने स्वतः दिलेल्या शब्दाशी. कल्पित पक्षाच्या क्विझमध्ये असा शब्द देणारं कोणी नाहीये. पक्ष कुठे उभा आहे हे क्विझ बनवणाऱ्याने सर्व्हेच्या आकड्यांवरून आणि स्वतःच्या अंदाजाने ठरवलेलं असतं. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

माझा सल्ला: आधी टाइम्सची द्या, दोन दिवस सोडून प्यूची. एकाच दिवशी दोन्ही देऊ नका, पहिल्याचा निकाल दुसऱ्याच्या उत्तरांत उतरतो.

क्लिक करायच्या आधी

एक कागद घ्या. खरा कागद, फोनमधली नोट नको. त्यावर तीन गोष्टी लिहा: तुम्हाला वाटतं तुम्ही आर्थिक बाबतीत डावीकडे की उजवीकडे, सामाजिक बाबतीत कुठे, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे तीन विषय कोणते. घडी घालून ठेवून द्या. हे आधी लिहिलं नाही तर निकाल आल्यावर प्रत्येकाला वाटतं हो, मला हेच वाटत होतं.

दुसरं, क्विझ कुठल्या साइटवर आहे ते बघा. फेसबुकवर किंवा फॉरवर्डमध्ये आलेल्या अनोळखी लिंकवर राजकीय मतं भरू नका, मग ती कितीही मजेशीर दिसो. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण आठवा, मार्च २०१८ मध्ये बाहेर आलं, सुरुवात एका साध्या पर्सनॅलिटी क्विझने झालेली, ती क्विझ साधारण २ लाख ७० हजार लोकांनी घेतली आणि त्यांच्या फ्रेंड लिस्टमधून माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. ईमेल, फोन नंबर, फेसबुक लॉगिन मागणारी क्विझ बंद करा.

तिसरं सगळ्यात गंभीर आणि हे मी एच-वन बी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी कळकळीने लिहितेय. बऱ्याच राजकीय साइटवर खाली "मतदार नोंदणी करा" असं बटण असतं. क्विझ तुम्ही खुशाल द्या, पण सिटिझन नसाल तर त्या बटणाला हात लावू नका. आणि डीएमव्हीत लायसन्स करताना येणाऱ्या मतदार नोंदणीच्या प्रश्नालाही नीट वाचून नाही म्हणा. सिटिझन नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे आणि नुसती चुकीची नोंदणीही पुढे नॅचरलायझेशनच्या, म्हणजे सिटिझन व्हायच्या वेळी आड येते. चुकून झालं असेल तर वाट बघत बसू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला लगेच दाखवा.

उत्तरं देताना

विधान वाचताना "हे कोण बोलतं" असा विचार मनात येतो. तो बाजूला ठेवायला प्रयत्न लागतो. इमिग्रेशनचं विधान आलं की डोळ्यासमोर टीव्हीवरचा चेहरा येतो आणि आपण त्या चेहऱ्याला उत्तर देतो, विधानाला नाही. मी एक युक्ती करते, विधान मनात मराठीत म्हणते. "श्रीमंतांवर जास्त टॅक्स लावावा" हे मराठीत म्हटल्यावर मला ते एकदम वेगळं ऐकू येतं, कारण त्या विषयावरची मराठीतली माझी मतं मी आईबाबांकडून, पुण्यातल्या वाड्यातल्या शेजाऱ्यांकडून घेतलीयत आणि इंग्रजीतली बातम्यांमधून. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच आलं तर ते तुमचं पक्कं मत. वेगळं आलं तर कागदावर प्रश्नाचा नंबर लिहा आणि पुढे फुली मारा. या फुल्या नंतर लागणार आहेत.

तुलना कशाशी चाललीय तेही बघा. "सरकारने आरोग्यासाठी जास्त खर्च करावा" यात जास्त म्हणजे आत्ता अमेरिकेत आहे त्यापेक्षा जास्त, ससून हॉस्पिटलपेक्षा नाही. आपल्यापैकी जे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेत त्यांचं मोजमाप अजून तिकडचं असतं. उलटंही होतं, भारतात सरकारी अनुभव वाईट म्हणून इथल्या प्रत्येक सरकारी योजनेला नको म्हणणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत आणि तेच लोक इथल्या पब्लिक स्कूलवर आणि पब्लिक लायब्ररीवर जीव टाकतात.

मधला पर्याय, म्हणजे "सहमत नाही, असहमत नाही", हा जपून वापरा. त्याचे दोन अर्थ होतात आणि क्विझला ते वेगळे करता येत नाहीत: मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे पण मी खरंच मध्ये आहे. दोन्हींचे मार्क शून्यच. आठ प्रश्नांना "माहीत नाही" म्हणून मधलं दाबलंत तर क्विझ तुम्हाला मवाळ म्हणेल, आणि तुम्ही मवाळ नसून तुम्ही त्या विषयाचं वाचलेलं नाही एवढंच खरं असेल. असा प्रश्न आला की कागदावर नंबर लिहून गोल करा.

सगळ्या विधानांना हो म्हणायची सवय हाही एक जुना सर्व्हेतला रोग आहे, विशेषतः विधान गोड शब्दात असेल तर. चांगल्या क्विझमध्ये म्हणून काही विधानं उलटी लिहिलेली असतात. लागोपाठ चार "सहमत" झाले की थांबा, परत वाचा.

निकालात पक्षाचं नाव सगळ्यात शेवटी बघा

आता मुख्य भाग, इथे थोडं गणित आहे पण दहावीपर्यंतचंच.

अशा बहुतेक क्विझच्या पोटात दोन रेषा असतात. आडवी रेषा आर्थिक, डावीकडे सरकारने जास्त करावं, उजवीकडे बाजाराने. उभी रेषा सामाजिक, एका टोकाला उदार, दुसऱ्याला परंपरावादी. तुमच्या उत्तरांना मार्क मिळतात, त्यातून आलेखावर तुमचा एक ठिपका पडतो, प्रत्येक पक्षाचाही एक ठिपका आहे आणि सगळ्यात जवळचा ठिपका म्हणजे तुमचा पक्ष. क्विझगणिक बारकावे बदलतात पण गाभा हाच.

कागदावर करून बघा. समजा सहा प्रश्न आर्थिक, सहा सामाजिक, प्रत्येकाला उणे २ ते अधिक २. तुमची बेरीज आली आर्थिक उणे ३, सामाजिक उणे २. पक्षांचे ठिपके समजा असे: न्यू लिबरल (उणे ४, उणे ६), लेबर (उणे ७, अधिक २), ग्रोथ (अधिक ५, उणे १). हे आकडे मी नुसते समजावण्यासाठी घेतलेत. पायथागोरस लावा. न्यू लिबरलपासून अंतर येतं ४.१, लेबरपासून ५.७, ग्रोथपासून ८.१. म्हणजे तुम्ही न्यू लिबरल. आता फक्त एकाच सामाजिक प्रश्नाचं उत्तर बदला, मधलं दाबलं होतंत त्याऐवजी अधिक २. तुमचा ठिपका झाला (उणे ३, ०). आता न्यू लिबरलपासून अंतर ६.१ आणि लेबरपासून ४.५. एका प्रश्नात पक्ष बदलला, आणि तुम्ही माणूस म्हणून तेच राहिलात.

आमच्या घरात नेमकं हेच झालं होतं. मी आणि नवरा वेगळ्या पक्षात आलो म्हणून सगळे चकित, पण उत्तरं शेजारी ठेवून बघितली तर फरक फक्त तीन प्रश्नांत, आणि त्यातल्या दोन प्रश्नांपुढे माझ्या कागदावर फुली होती.

म्हणून हे करा: फुल्या मारलेले प्रश्न घ्या, त्यांची उत्तरं एक घर इकडे-तिकडे सरकवून क्विझ परत द्या. पक्ष तोच आला तर तुम्ही त्या भागात खरंच आत आहात. बदलला तर तुम्ही सीमेवर राहता, आणि सीमेवरच्या माणसासाठी दोन्ही नावं खरी आहेत, एक निवडायची गरज नाही.

"फिस्कली कन्झर्व्हेटिव्ह, सोशली लिबरल" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचा

आपल्या आयटीवाल्या मंडळींत, गणेशोत्सवाच्या पार्किंग लॉटपासून ते डिनर टेबलापर्यंत, दहापैकी सहा-सात जण स्वतःचं वर्णन असंच करतात. पैशाच्या बाबतीत काटकसर, बाकी ज्याने त्याने हवं तसं जगावं. ऐकायला खूप समजूतदार वाटतं आणि मीही हेच म्हणायचे.

ड्रटमन यांनीच २०१७ मध्ये व्होटर स्टडी ग्रुपसाठी २०१६ च्या मतदारांचा असाच आलेख काढला होता. चार कोपरे. दोन्हीकडे उदार अशा कोपऱ्यात ४४.६ टक्के, आर्थिक डावे पण सामाजिक परंपरावादी अशांचे २८.९ टक्के, दोन्हीकडे उजवे २२.७ टक्के, आणि आर्थिक उजवे पण सामाजिक उदार, म्हणजे आपला लाडका कोपरा, ३.८ टक्के. मध्यरेषा कुठे ओढायची यावर हे आकडे हलतात, दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळी रेषा ओढून तो कोपरा मोठा दाखवलाय, तरी तो चारातला गजबजलेला कोपरा नाही एवढं नक्की.

आता तुमचा घडी घातलेला कागद उघडा. मी ज्या ज्या मैत्रिणींना हे करायला लावलं त्यात बहुतेकींनी आधी "आर्थिक उजवीकडे" लिहिलं होतं आणि प्रत्यक्ष उत्तरांत त्या डावीकडे निघाल्या, कारण काटकसर म्हणजे त्यांच्या मनात होती स्वतःच्या घरातली काटकसर, क्रेडिट कार्डावर व्याज न भरणं, मुलांच्या कॉलेजचे पैसे बाजूला ठेवणं, आणि क्विझ विचारते सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) कमी करावी का, मेडिकेअरचं (वयस्कांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काय करावं. तिथे त्यांनी सरळ "कमी करू नका" म्हटलं. घरातली शिस्त आणि सरकारने काय करावं हे दोन वेगळे विषय आहेत. हा फरक स्वतःच्याच उत्तरांत दिसला की त्याचा उपयोग पक्षाच्या नावापेक्षा कितीतरी जास्त आहे.

दुसरी क्विझ, प्यूची

इथे निकाल गटाच्या नावाने येतो आणि गटाबरोबर तो किती मोठा आहे तेही कळतं. सगळ्यात मोठा डेमोक्रॅटिक मेनस्टेज १६ टक्के, त्याच्या मागोमाग स्ट्रेस्ड साइडलायनर्स १५ टक्के, राजकारणापासून लांब राहणारे, पैशाच्या ओढाताणीतले लोक. आणि ज्या गटाचा आवाज सोशल मीडियावर सगळ्यात मोठा ऐकू येतो तो प्रोग्रेसिव्ह लेफ्ट ६ टक्के. दुसऱ्या टोकाचा फेथ अँड फ्लॅग कन्झर्व्हेटिव्ह १० टक्के. माझी मुलगी हे बघून बराच वेळ गप्प होती, कारण तिच्या फोनमध्ये जग तेवढ्या दोन गटांचंच आहे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. टाइम्समध्ये न्यू लिबरल आणि प्यूत एस्टॅब्लिशमेंट लिबरल आलं तर जुळतंय. टाइम्समध्ये लेबर आणि प्यूत पॉप्युलिस्ट राइट आलं तरी घाबरू नका, पॉप्युलिस्ट राइटमधले बहुतेक लोक मोठ्या कंपन्यांवर नाराज आहेत आणि श्रीमंतांवर टॅक्स वाढवायलाही त्यातल्या अनेकांची हरकत नाही, फक्त इमिग्रेशनवर ते फार कडक आहेत. म्हणजे गाठ त्या एका विषयावर आहे, आणि तो विषय आपल्या घरातला असल्यामुळे त्यावर स्वतःचं मत नीट तपासून घेतलेलं बरं.

क्विझ काय विचारत नाही

कुठला विषय तुमच्यासाठी किती महत्त्वाचा हे कल्पित पक्षवाल्या क्विझ सहसा विचारत नाहीत. वाल-ओ-माटमध्ये निदान एखाद्या विधानाला दुप्पट वजन देता येतं. इथे गर्भपात, बंदुका, किमान वेतन, सगळ्यांना सारखंच वजन. पण ज्याचा ग्रीन कार्डचा नंबर बारा वर्षं लागलेला नाही त्याच्यासाठी एक विषय बाकी सगळ्यांच्या बरोबरीचा आहे. कागदावरचे ते तीन विषय म्हणूनच आधी लिहायला सांगितले.

भारताबद्दलचं धोरण, व्हिसा, शाळांचा बोर्ड, प्रॉपर्टी टॅक्स, यातलंही फारसं काही नसतं. आणि माणूस नसतो. आपण महाराष्ट्रातून आलेले लोक आहोत, आपल्याला हे समजायला सोपं जावं. २०२४ च्या विधानसभेत तिकडे सहा मोठे पक्ष होते, भाजप, काँग्रेस, दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी, पण त्या दोन राष्ट्रवादींमधला फरक तुम्ही आर्थिक-सामाजिक आलेखावर कसा काढाल? सहा पक्ष असले म्हणजे सहा विचार असतात असं नाही, पक्ष माणसांचे असतात, भागाचे असतात, घराण्याचे असतात, जुन्या भांडणाचे असतात. ड्रटमन यांच्या नकाशात हे सगळं वगळून फक्त विचार ठेवलेत. नकाशा म्हणून तो उपयोगी आहे, पण अमेरिकेत खरंच सहा पक्ष झाले तर ते इतके स्वच्छ निघतील असं मला वाटत नाही.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: प्रायमरी

तिकडे उमेदवाराला तिकीट कोण देतं, तर वरचे नेते. शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्मसाठी धावाधाव, कोणाला मिळाला, कोण बंडखोरी करणार. इकडे तो एबी फॉर्म मतदार देतात, प्रायमरीत. आणि कल्पित सहा पक्ष खरे कुठे भेटत असतील तर ते इथेच, कारण डेमोक्रॅटिक प्रायमरीत प्रोग्रेसिव्ह, लेबर आणि न्यू लिबरल वळणाचे उमेदवार एकमेकांसमोर उभे असतात, रिपब्लिकन प्रायमरीत ग्रोथ, पेट्रियट आणि ख्रिश्चन कन्झर्व्हेटिव्ह वळणाचे. नोव्हेंबरपर्यंत हे सगळं आटपून दोनच नावं उरलेली असतात.

आपल्यातलंच उदाहरण घ्या. श्री ठाणेदार, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेले, जानेवारी २०२३ पासून मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघाचे खासदार. तो डेट्रॉइटचा भाग, पक्का डेमोक्रॅटिक. नोव्हेंबरमध्ये तिथे चुरस नव्हतीच. खरी लढत झाली ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत, बरेच उमेदवार होते आणि ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. म्हणजे शंभरातल्या बहात्तरांनी दुसऱ्या कोणाला मत देऊनही खासदार तिथेच ठरला. तुम्ही कोणाच्याही बाजूचे असा, प्रायमरीला घरी बसण्याची किंमत काय ते यातून कळतं.

न्यू जर्सीत प्रायमरी जूनमध्ये असते आणि ती क्लोज्ड आहे, म्हणजे ज्या पक्षात नोंद त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत, पण त्यात एक फट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते: तुम्ही अनअ‍ॅफिलिएटेड असाल, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नसेल, तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन तिथेच पक्ष जाहीर करून मत देता येतं. एका पक्षात नोंद असेल आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल तर मात्र ५५ दिवस आधी फॉर्म भरायला लागतो. नवीन मतदार नोंदणी २१ दिवस आधी. आणि २०२६ पासून नवीन सोय, ज्यांना नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार आहेत अशी १७ वर्षांची मुलंही प्रायमरीत मत देऊ शकतात. घरात हायस्कूलचं ज्युनियर-सीनियर (अकरावी-बारावीतलं) मूल असेल तर आजच बघा. डॅलस-ह्यूस्टनवाल्यांना हे काही लागत नाही, टेक्ससमध्ये मतदाराच्या नोंदणीत पक्ष नसतोच, कुठल्या प्रायमरीत जायचं ते त्या दिवशी ठरवा. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात सगळे उमेदवार एकाच बॅलटवर आणि पहिले दोन पुढे, त्यात कधी कधी दोघंही एकाच पक्षाचे.

मग क्विझचा कागद पुढ्यात घ्या आणि तक्ता करा. डावीकडे तुमचे तीन विषय, त्याखाली क्विझमध्ये तुम्ही टोकाची उत्तरं दिलीत असे दोन. वर उमेदवारांची नावं. प्रत्येक चौकटीत उमेदवार काय म्हणतो ते नाही, त्याने काय केलं ते लिहा: कुठल्या बिलाला मत दिलं, टाउन कौन्सिलमध्ये असताना काय मंजूर केलं. नवीन उमेदवार असेल तर त्याला सरळ ईमेल करा, लहान निवडणुकीत उत्तरं येतात, मला दोनदा आलीयत. गोल केलेल्या, म्हणजे माहीत नसलेल्या विषयांपैकी एक निवडा आणि त्यावर एक संध्याकाळ वाचा. सगळे वाचायला जाऊ नका, होत नाही.

हा तक्ता करायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

ते सहा पक्ष कधी खरे होतील का

थोडक्यात, आत्ताच्या नियमांत अवघड. हाउसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, ४३५ जागा, एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा हा १९६७ चा कायदा, त्यामुळे १५ टक्केवाल्या पक्षाला देशभर मतं पडूनही हातात काही येत नाही. ड्रटमन म्हणतात मतदारसंघ मोठे करा, एकातून अनेक जण निवडा आणि पसंतीक्रमाने मत द्या. आपल्याला हे परकं नाही, विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात पहिल्या पसंतीची, दुसऱ्या पसंतीची मतं आणि कोटा हे सगळं आपण बातम्यांत वर्षानुवर्षं ऐकत आलोय. फक्त तिथे सहसा एकाच जागेसाठी असतं. अनेक जागांसाठी हीच पद्धत ऑरेगनच्या पोर्टलंड शहराने २०२४ मध्ये सुरू केली, चार विभाग, प्रत्येकातून तीन, एकूण बारा नगरसेवक. मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये तर ती १९४१ पासून आहे. पुण्यातल्या चार सदस्यांच्या प्रभागाशी मात्र याची गल्लत करू नका, तिथे चार जागांना चार वेगळी मतं असतात, ज्या पॅनलची लाट ते चारही नेऊ शकतं.

मंडळात किंवा घरी करायचं असेल तर

आम्ही हे गेल्या संक्रांतीला घरी केलं, अकरा जण होते, चौदा वर्षांच्या भाच्यापासून सासूबाईंपर्यंत. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर, मत नाही, पण मतं भरपूर. स्क्रीन वापरली नाही. बारा विधानं मराठीत लिहिली, प्रत्येकाला चिठ्ठ्या, नाव न घालता. जमिनीवर मास्किंग टेपने दोन रेषा आखल्या आणि बेरीज करून प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी उभं राहायचं. पक्षाची नावं जाहीर करायचीच नाहीत, हा नियम ठेवला आणि तोच सगळ्यात कामाला आला, कारण नाव नसल्यामुळे कोणाला बचाव करायची वेळ आली नाही. लोक शेजारी कोण उभं आहे ते बघत होते. माझ्या दिराने आणि माझ्या मुलीने चार वर्षं राजकारणावर बोलणं टाकलंय, ते आर्थिक रेषेवर एका फरशीच्या अंतरावर उभे होते.

विधानं लिहिताना एकात एकच गोष्ट ठेवा. "टॅक्स कमी करावा आणि शाळांना जास्त पैसे द्यावेत" असं लिहिलंत तर हो कशाला ते कळत नाही. निम्मी विधानं उलटी लिहा. आणि भारतातल्या पक्षांचा विषय त्या संध्याकाळी बाहेर ठेवा, नाहीतर टेप उचलायलाही कोणी थांबत नाही.

मुलीने तिचा तक्ता फ्रिजवर लावलाय. जूनच्या प्रायमरीसाठी दोन चौकटी अजून रिकाम्या आहेत, त्यातली एक आमच्या टाउनच्या कौन्सिलच्या उमेदवाराची, त्या उमेदवाराला ईमेल करून आठवडा झालाय आणि मुलगी रोज शाळेतून आल्यावर आधी इनबॉक्स बघते.